गॅस सुटला

शुक्रवारी कुंभवलीत कुणालाच घाई नसते. कारखान्यांची सुट्टी शुक्रवारची, त्यामुळे त्या दिवशी नाक्यावरचा माणूस एक चहा अर्धा तास पुरवतो. म्हणून झिपरू पळत येताना दिसला तेव्हा चंद्रभानला आधी हसूच आलं. झिपरू रंगाच्या कारखान्यावरचा वॉचमन, वरच्या डोंगराकडचा. पळणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. पायाजवळून साप गेला तरी हातातली विडी संपवून मग उठणारा माणूस तो.

जवळ आल्यावर दिसलं की त्याने तोंडाला ओला पंचा बांधलाय आणि डोळे मिरची गेल्यासारखे लाल झालेत. चंद्रभानच्या रिक्षाची दांडी धरून तो खोकायला लागला आणि खोकतच राहिला.

"क्लोरीन," एवढंच आधी निघालं. मग दम घेऊन म्हणाला, "मागच्या शेडमधला मोठा सिलिंडर हाय ना, त्याचा व्हॉल्व गेला. आज लाइट नाय, भोंगा वाजत नाय. दुसरा वॉचमन सायकल मारत बंबवाल्यांकडं गेलाय. चंदूभाऊ, तुमच्याकडं कर्णा हाय."

"वारा कुठं जातोय?"

झिपरूने नुसतं बोट केलं. देवळावरचा झेंडा नाल्याकडे फडफडत होता.

नाल्याच्या कडेला खोलगट जागेत तीन चाळी होत्या आणि मधल्या चाळीत चंद्रभानचं घर होतं. आज तिथे शेजारच्या गोजराबाईच्या पोरीची, आनंदीची हळद. मांडवात दोनशे माणूस. त्यात त्याची बायको मंदा, आई साखरबाई आणि चार वर्षांची नवसी. हा वायू जड असतो, खाली खाली उतरतो आणि खोलगट जागेत पाण्यासारखा साठतो, हे कारखान्यात सात वर्षं हेल्परी केलेल्याला कुणी शिकवावं लागत नाही.

"तू नाक्यावर थांब. तिकडं कुणाला जाऊ देऊ नको," तो झिपरूला म्हणाला आणि किक मारायला गेला. पाय दोनदा घसरला.

आता तुम्ही म्हणाल, यात एवढं घाबरण्यासारखं काय? रिक्षा आहे, कर्णा आहे, जाऊन ओरडायचं. पण चंद्रभान नुसता गॅसला घाबरला नव्हता. त्याला स्वतःच्या तोंडाची भीती वाटत होती. ती का, हे सांगायचं तर पाच-सहा वर्षं मागे जावं लागेल.

ब्याण्णव-त्र्याण्णवच्या सुमाराला एका दुपारी वसाहतीत भोंगा वाजला आणि कुणीतरी बोंब ठोकली की गॅस सुटला. सगळी वसाहत जीव घेऊन बोईसर स्टेशनाकडे धावली. सुटलं काहीच नव्हतं, कुठल्याशा बटणावर कुणाचा तरी हात पडला होता. संध्याकाळी लोक एकमेकांना हसत परतले. चंद्रभान तेव्हा चोवीस वर्षांचा, जीभ कात्रीसारखी. त्या गणपतीत कामगारांच्या स्टेजवर त्याने काळा गॉगल आणि उलटी टोपी घालून ती सगळी पळापळ एका दमात, तालात, न गाता नुसती बोलून दाखवली. मागे दिनानाथने ऑक्टोपॅडवर ठेका धरला होता.

*पळा रे पळा, गॅस सुटला,*
*मुकादम पळाला, जोडा तुटला,*
*साहेब पळाला, चष्मा फुटला,*
*पळा रे पळा, गॅस सुटला!*

काव्य म्हणून त्याची किंमत तुम्हीच करा. पण मुंबईच्या एका कंपनीने त्याची कॅसेट काढली आणि चौऱ्याण्णवची लगीनसराई त्या कॅसेटने खाल्ली. वसईपासून डहाणूपर्यंत हळद असो की बारसं, ती वाजल्याशिवाय मांडव उठत नव्हता. कॅसेटवर नाव होतं 'सी. बी. रॅपर, बोईसर'. रॅप म्हणजे काय ते घेणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं आणि विकणाऱ्यालाही. चंद्रभानने नोकरी सोडली. पालघरला पोरी सही मागायला आल्या, तेव्हा त्याने इंग्रजीत सही करायला शिकून घेतलं.

नव्याचे नऊ दिवस. दुसरी कॅसेट निघाली ती दुकानातच राहिली. तिसरीसाठी कंपनीवाल्याने भेटही दिली नाही. अठ्ठ्याण्णव उजाडेपर्यंत सी. बी. कोण हे नाक्यावरचा चहावाला विचारत होता आणि चंद्रभान बॅटरीवरचा कर्णा बांधून रिक्षातून साड्यांच्या सेलची जाहिरात करत हिंडत होता. तीही यमकातच करायचा. दुसरं त्याला येत नव्हतं. माइक तोंडाशी आला की जीभ आपोआप तालाला लागायची, जशी घाण्याच्या बैलाला वाट सांगावी लागत नाही. चार वर्षं हा माणूस मनातल्या मनात एकच गाऱ्हाणं घालत होता, की कुणीतरी आपल्याला ओळखावं.

आणि आज रिक्षा नाल्याकडे वळवताना तो देवाला विनवत होता की आज तरी कुणी ओळखू नये.

पहिली गल्ली उत्तरेकडच्या कामगारांची. महिन्या-दोन महिन्यांपूर्वी आलेली पोरं, चड्डी-बनियनवर कपडे धुवत बसलेली. चंद्रभानने माइक घेतला. "गॅस सुटलाय," तो म्हणाला, आणि पुढचं "पळा" तोंडातून निघताना स्वतःच्या कानाला ते गाण्यासारखं लागलं. त्याने ओठ चावला. "भागो. गॅस लीक हुआ है. टेकडी की तरफ भागो."

एकाने विचारलं, "सच में?"

"सच में."

बादल्या तशाच टाकून ती पोरं उठली. एक जण आजारी दोस्ताला पाठीवर घेऊन निघाला. दोन मिनिटांत गल्ली रिकामी. त्यांनी सी. बी.चं नावही ऐकलेलं नव्हतं. त्यांच्या पाठी बघून चंद्रभानला जरा धीर आला. सुटलो, त्याला वाटलं, लोक विसरलेत.

मधल्या चाळीच्या वळणावर वास आला. विहिरीत टाकतात त्या पावडरीचा वास, पण विहिरीत वाकल्यावर येतो त्याच्या दसपट. मांडवात मात्र तो कुणाला लागत नव्हता, कारण तिथे दोन चुलींवर मटण शिजत होतं, धूर होता, उदबत्त्या होत्या आणि हळदीचा घमघमाट होता. लाइट गेलेली, पण दिनानाथने स्वतःचा जनरेटर आणला होता. दिनानाथ म्हणजे तोच, ऑक्टोपॅडवाला. आता भाड्याने साउंड लावायचा. बायका एकेक करून त्याच्या माइकवर नाव घेत होत्या, पुरुष टाळ्या देत होते.

चंद्रभानने रिक्षा मांडवाच्या तोंडाशी आडवी घातली आणि कर्ण्यावर ओरडला, "पळा, गॅस सुटला!"

मग दिनानाथने मान वर केली. त्याच्या तोंडावर जे हसू फुटलं ते चंद्रभानला जन्मभर पुरणार होतं.

"अरे, सी. बी. आला!" तो माइकवर म्हणाला. "आपला सी. बी.! आनंदीच्या हळदीला स्वतः सी. बी. आलाय, लोकहो!" आणि त्याचे हात ऑक्टोपॅडवर पडले. तोच ठेका. चार वर्षांत एक ठोका इकडचा तिकडे झाला नव्हता.

मांडव उठला. जे आठवत नव्हतं ते ठेक्यासरशी आठवलं. बाप्ये, बाया, हळदीने माखलेली करवली, सगळे जागच्या जागी पळायला लागले, त्या काळी नाचायचे तसे, कोपर मागे-पुढे करत. चंद्रभान ओरडला, "नाही रे, खरंच सुटला!" तर मांडवाने साथ दिली, "मुकादम पळाला, जोडा तुटला!" तो ओरडला, "अरे मराल!" तर शिट्ट्या पडल्या. जितका घसा ताणावा तितकी रंगत चढत होती. भीतीने त्याचा आवाज फाटत होता आणि लोकांना तो फाटका आवाजच आवडत होता. त्याने हात जोडले. कुणीतरी त्या जोडलेल्या हातांत नारळ ठेवला.

नाल्याच्या पलीकडे, केळीच्या झाडांच्या बुंध्याशी, पिवळट हिरवं धुकं जमिनीला चिकटून पुढे सरकत होतं. चंद्रभानला ते दिसलं. त्याने रिक्षाचं हँडल धरलं आणि मांडीवरून काहीतरी गरम खाली ओघळलं. तिशीकडे आलेला बाप्या दोनशे माणसांसमोर मुतला, आणि ती दोनशे माणसं नाचत होती.

ते फक्त मंदाने बघितलं. ती नवसीला कडेवर घेऊन कडेला उभी होती. नवरा स्टेजवर किती सोंगं करतो हे तिला पाठ होतं, पण हे सोंग नव्हतं. तिने नवऱ्याच्या ओल्या पॅन्टकडे बघितलं, त्याच्या तोंडाकडे बघितलं. मग ती गर्दीतून घुसली, जनरेटरचा खटका खाली ओढला आणि चंद्रभानच्या हातातून कर्ण्याचा माइक हिसकावून घेतला. ठेका तुटला.

बाया हसल्या. मंदा नाव घेणार, असं त्यांना वाटलं. "घे गं, झोकात घे," गोजराबाई म्हणाली.

आमच्याकडे बायको नवऱ्याचं नाव घेते ते उखाण्यात. आधी पानसुपारी येते, रामसीता येतात, नदीचं पाणी येतं, आणि त्यांच्या आडून नाव येतं. मोकळं नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं म्हणतात. म्हणून चाळीतल्या बाया रेशनच्या दुकानातही पोराला नाव सांगायला लावतात. मंदाने नऊ वर्षांत चंद्रभानला "अहो" म्हणूनसुद्धा दोनदा विचार करून हाक मारली होती.

"चंद्रभान," ती कर्ण्यावर म्हणाली. नुसतं तेवढंच, उघडं. सासूसमोर, भर मांडवात. "चंद्रभान खोटं बोलत नाय. गॅस सुटलाय. निघा."

साखरबाईने कपाळावर हात मारून घेतला. बाया अशा गप्प झाल्या की चुलीवरच्या टोपाचा खदखदाट ऐकू यायला लागला. कुठलीही बाई चेष्टेत असं करणार नाही, हे तिथल्या प्रत्येकीला आपल्या मंगळसूत्राइतकं ठाऊक होतं. आणि त्या गप्प झालेल्या हवेत, चुलीच्या धुराखालून, पावडरीचा वास पहिल्यांदा सगळ्यांच्या नाकात गेला. एक पोर खोकलं. मग दुसरं.

"तोंडाला ओला पदर लावा," मंदा म्हणत होती. "नाल्याकडं कुणी जाऊ नका. टेकडीवर चला. टेकडीवर."

यमक नव्हतं, ताल नव्हता. लोक निघाले. गोजराबाईने हळदीच्या आनंदीला हाताला धरून ओढलं, हळदीचं घंगाळ लाथेने उलटं झालं, म्हाताऱ्यांना खुर्चीसकट उचललं. चंद्रभानने आईला आणि तीन म्हाताऱ्या बायांना रिक्षात कोंबलं, मंदाला पुढे बसवलं, नवसीला तिच्या मांडीत दिलं. किक बसेना. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, घशात खिळे घातल्यासारखं झालं होतं.

रिक्षा सुरू झाली तेव्हा त्याने मागे बघितलं. मांडवात दिनानाथ एकटा होता. तो वाकून ऑक्टोपॅडची वायर गुंडाळत होता, सावकाश, जशी रोज गुंडाळायचा. पाठ नाल्याकडे.

"पळ रे, दिन्या!" चंद्रभान ओरडला. "पळ, गॅस सुटला!"

दिनानाथने वळून बघितलं. तो हसला. ऑक्टोपॅड बंद होता, तरी त्याने दोन बोटांनी त्याच्या रबरावर ठेक्याचे शेवटचे दोन ठोके दिले आणि हात हलवला, जा पुढं, आलो.

दहा पावलांवर होता तो. चंद्रभानला उतरायचं होतं. खरंच उतरायचं होतं. पण केळींच्या खालून ते धुकं मांडवाच्या कनातीपर्यंत आलेलं दिसलं आणि त्याच्या हाताने आपल्या आपण गियर टाकला.

टेकडीवर मोजदाद झाली तेव्हा एक माणूस कमी भरला. बंबवाले तोंडाला नळ्या लावून आत गेले आणि तासाभराने त्याला घेऊन आले. वायरचं भेंडोळं त्याच्या खांद्यावर तसंच होतं. पालघरला नेईपर्यंत तो होता म्हणतात. चाळीस-एक लोक दवाखान्यात चार-सहा दिवस खोकत पडले, चंद्रभानही त्यात होता, पण गेला तो एकटाच.

पेपरवाल्यांनी छापलं. गायकाच्या गाण्यातला गॅस खरा झाला, गायकाने दोनशे जीव वाचवले, असं काहीतरी. मंदाचं नाव त्यात नव्हतं. दवाखान्यातून सुटून आठवडा झाल्यावर चंद्रभान बोईसर स्टेशनाबाहेर आला तर कॅसेटच्या दुकानावर त्याचाच आवाज मोठमोठ्याने वाजत होता. पळा रे पळा. दुकानदाराने जुनी प्रत शोधून नवीन कॉप्या भरल्या होत्या आणि त्या धडाधड चालल्या होत्या. रिक्षावाले मान हलवत होते. चंद्रभान भिंतीला टेकला, आणि दोन पोरं त्याला दारुड्या समजून बाजूने गेली.

थोड्या वेळाने तो दुकानात गेला. "हे बंद करा," तो म्हणाला. घसा भाजल्याने आवाज फुटका येत होता.

"का? मस्त आयटम आहे," दुकानदार म्हणाला. "सी. बी.चा. तुम्हाला पाहिजे का?"

दिनानाथचं घर सरावलीच्या रस्त्याला. त्याची बायको प्रेमला ओट्यावर बसली होती. डोक्यावरून पदर, समोर सुपात तांदूळ आणि निवडण्यात लक्ष नाही. चंद्रभान इथवर येऊन तीनदा परत फिरला होता. धुक्याची वाटली नसेल एवढी भीती त्याला त्या ओट्याची वाटत होती. पण आज गाणं बाजारात वाजत होतं, आणि ते तिच्या कानावर आधी जावं आणि आपण नंतर यावं, हे त्याला बरं वाटेना.

तिने चहा केला. तो खाली बसला.

"एक इचारू का, भाऊजी?" ती म्हणाली. "तुमी शेवटी बघितलंत म्हणतात त्यांना. तुमी सांगितलेलं त्यांना ऐकू आलं व्हतं का?"

सोपं होतं. नाही, म्हणायचं. रिक्षाचा आवाज होता, त्याची पाठ होती. कुणी साक्षीला येणार नव्हतं. मंदानेही त्या दिवसानंतर ती गोष्ट काढली नव्हती. चंद्रभानने कप खाली ठेवला.

"आलं होतं," तो म्हणाला. "माझ्याकडं बघून हसला. त्याला वाटलं, मी अजून गाणंच म्हणतोय."

"मंग?"

"दहा पावलांवर होता. उतरून हाताला धरलं असतं तर आला असता. मी भ्यालो, वहिनी. भ्यालो आणि गाडी पुढं काढली."

प्रेमलाने सुपातला एक खडा उचलला आणि अंगणात टाकला.

"सगळे सांगतात, त्यांना ऐकूच नाय आलं," ती म्हणाली. "तेवढ्यावर मी झोपत व्हते, भाऊजी."

मग तिने त्याचा अर्धा राहिलेला कप उचलला आणि आत गेली.